नव्याने बाळगलेल्या सापाचे पहिले भक्ष्य : काही शब्द आणि काही वस्तुस्थिती

सापाविषयी मराठी माणूस जी क्रियापदे वापरतो त्यांचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावा आणि सापाच्या पोटाचा विचार प्राणिशास्त्रज्ञाने करावा, ही वाटणी वरवर पाहता योग्यच आहे. परंतु काही प्रसंगी शब्दच हाताला वळण लावतात, आणि चुकीच्या शब्दामुळे एखाद्या मुक्या जिवाच्या तोंडात नको ती वस्तू कोंबली जाते. नव्याने घरी आणलेला, बावरलेला साप पहिले भक्ष्य घेत नाही, हा असाच एक प्रसंग होय. प्रस्तुत लेखात या प्रसंगाची वस्तुस्थिती शक्य तितकी नेमकी सांगण्याचा आणि तिच्या आड येणाऱ्या शब्दांची छाननी करण्याचा हेतू आहे.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. आपल्या रानातला कोणताही साप, मग तो निर्विष धामण असो वा मांडूळ, घरी बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे. ज्यांना साप बाळगण्याचा छंद आहे ते विदेशी जातींकडे वळतात. अशांपैकी पश्चिम व मध्य आफ्रिकेतील 'बॉल पायथन' हा लहान अजगर विशेष परिचित आहे. भय वाटताच तो अंगाचा चेंडू करून डोके मधोमध लपवतो, म्हणून त्याला हे नाव. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमात आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराखालील प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची समाविष्ट झाली आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंद करणे आवश्यक ठरवले. हा अजगर त्या अनुसूचीत येतो. पुढील विवेचन मुख्यतः रीतसर नोंदलेल्या अशा सापास अनुलक्षून आहे.

संस्कृत कोशकारांनी सापाला दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. अमरकोशात उरग, पन्नग, जिह्मग ही चालीवरून पडलेली नावे आहेत. दंदशूक हे दंशावरून, दर्वीकर हे फणेवरून, चक्षुःश्रवा हे कान दिसत नाही यावरून. याच मालिकेत पवनाशन हा शब्द येतो. पवनाशन म्हणजे वारा खाऊन राहणारा. ही केवळ कविकल्पना नसावी. ज्याने साप टोपलीत ठेवून पाहिला, आठवडे लोटले तरी तो काही खात नाही आणि तरीही त्याच्या तेजात उणेपणा येत नाही असे पाहिले, त्याने काढलेला तो निष्कर्ष असावा, असे मला वाटते. निष्कर्ष चुकला, निरीक्षण मात्र खरे होते. गंमत अशी की, सापाचे दुसरे नाव भोगी असे आहे. तेथे भोग म्हणजे वेटोळे. पण भोगी आणि पवनाशन ही नावे एकाच प्राण्याला शोभावीत, हा योग कोशातच जुळू शकतो!

या दीर्घ उपवासाचे कारण देहाच्या व्यवस्थेत आहे. साप स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करून ती टिकवीत नाही. तो ती उन्हाकडून, तापलेल्या दगडाकडून उसनी घेतो. त्यामुळे त्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या मानाने त्याला फारच थोडे अन्न पुरते. पण अन्न पोटात गेले की देहाचा सारा कारभार बदलतो. बर्मी अजगराच्या बाबतीत भक्ष्य गिळल्यानंतर दोन-तीन दिवसांत हृदयाचे स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतात, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. आतडे, यकृत यांचीही वाढ होते आणि पचन संपताच ती ओसरते. म्हणजे सापाच्या दृष्टीने जेवण हे एक मोठे भांडवली काम आहे. शिवाय भरल्या पोटी तो मंद होतो, निसटू शकत नाही. ज्या जागी शत्रू आहे की नाही याचा अदमास आलेला नाही, त्या जागी तो हे काम अंगावर घेत नाही. घाबरलेल्या सापाने नुकतेच गिळलेले भक्ष्य ओकून पळ काढावा, याचे कारणही हेच.

अमरकोशातील सगळ्या नावांत साप बाळगणाऱ्याने एकच ध्यानात ठेवायचे ठरवले, तर ते बिलेशय हे ठेवावे. बिळात निजणारा तो बिलेशय. बॉल पायथन आपल्या मायदेशी दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वारुळाच्या पोकळीत पडून असतो. त्याला चारी बाजूंनी अंगाला टेकणारी भिंत हवी असते. हौशी माणूस मात्र त्याला मोठ्या, चकचकीत काचपेटीत ठेवतो आणि आपण त्याला प्रशस्त घर दिले म्हणून समाधान पावतो. तमिळनाडूतील इरुळा लोकांनी १९७८ साली सर्पविषासाठी सहकारी संस्था स्थापन केली. तेथे साप वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात, तोंडाला फडके बांधून ठेवले जातात. पाहणाऱ्याला ती कोठडी वाटते; परंतु अंधार, गारवा आणि आवळपणा या तिन्ही गोष्टी सापाला बिळाची आठवण देणाऱ्या आहेत. घरी नवा साप आणल्यास पेटीच्या उबदार बाजूस एक व थंड बाजूस एक, अशा दोन लपणी ठेवाव्यात. लपण म्हणजे उपडी, एका बाजूस भोक असलेली कुंडी चालेल. ती इतकी लहान हवी की वेटोळे घातल्यावर सापाचे अंग तिच्या कडांना लागावे.

आता शब्दांकडे वळू. छावणी ओलांडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव लागते. एकेकाळच्या शेतांत तेथे आता वसाहती झाल्या आहेत. तेथे राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने असा एक अजगर रीतसर नोंद करून आणला होता. तीन आठवडे झाले तरी त्याने काही घेतले नाही, तेव्हा तो मला म्हणाला, "सर, तो रुसलाय. रोज दोनदा उंदीर पुढे करतो, हातात घेऊन गोंजारतो, पण तोंड फिरवतो." त्याच्या आजींचे मत वेगळे होते. त्या म्हणत, "अरे, दूध दे त्याला वाटीभर. देवाचं जनावर आहे." बाबांचा सल्ला तिसराच : जबडा उघडून एकदा घालावे, म्हणजे सवय लागेल. एका घरातली ही तीन मते, आणि तिन्हींच्या मुळाशी एकेक मराठी क्रियापद होते : रुसणे, पाजणे आणि भरवणे.

रुसणे हे क्रियापद एकट्याने होत नाही. रुसणाऱ्याला समोर कोणीतरी लागते, आणि रुसव्याच्या अर्थातच समजूत काढण्याची अपेक्षा गर्भित असते. सापाला 'रुसलेला' म्हटले की माणूस आपोआप त्याची मनधरणी करू लागतो. तो पेटीजवळ जातो, झाकण उघडतो, हाताळतो, पुन्हा उंदीर पुढे करतो. प्रत्येक खेपेस सापाच्या लेखी एक प्रचंड प्राणी बिळाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. या स्थितीला आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे : बुजणे. बैल बुजतो, घोडा बुजतो. बुजण्यात राग नाही, हट्ट नाही, समोरच्याशी संबंध नाही; केवळ अनोळखीपणाची धास्ती आहे. आणि बुजलेल्या बैलाला काय करावे हे खेड्यातल्या पोराला सांगावे लागत नाही : बाजूला व्हावे, आवाज करू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा. शेतातले बुजगावणेही याच शब्दकुळातले. दिवसातून दोनदा पेटीपुढे उभा राहणारा मालक सापाच्या दृष्टीने दुसरे काय असतो?

दुधाचा प्रश्न नागपंचमीशी निगडित आहे, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देणे भाग आहे. साप हा मांसाहारी सरपटणारा प्राणी आहे. दूध हे सस्तन प्राण्याच्या पिल्लाचे अन्न. ते पचवण्याची योजना सापाच्या पोटात नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून सड चोखते ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. पण ओढून चोखण्यासाठी लागणारे ओठ आणि गाल सापाला नाहीत, आणि आत वळलेल्या अणकुचीदार दातांचा तो स्पर्श गाईने निमूटपणे सोसला असता असे मानणे कठीण आहे. मग नागपंचमीला नाग दूध पितो ते कसे? गारुड्यांनी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग समोर येईल त्या पातळ पदार्थात तोंड बुडवतो. ती तहान असते. श्रद्धाळू माणूस तिला प्रसाद-ग्रहण समजतो. असे दूध पोटात वा फुप्फुसात जाऊन अनेक साप मरतात. वारुळापाशी लाह्या-दूध ठेवून परतण्याची घरगुती रीत यापेक्षा निरुपद्रवी आहे, कारण तिच्यात नाग उपस्थित नसतो. बहिणीने भावासाठी आदल्या दिवशी उपवास धरावा आणि दुसऱ्या दिवशी ज्याला महिनाभर अन्न नसले तरी चालते अशाला आग्रहाने पाजावे, ही या सणातील विसंगती कोणी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. पडेगावच्या आजींना मात्र हे पटवणे अवघड गेले नाही. देवाच्या जनावराला पाणी चालते का, एवढेच त्यांनी विचारले. चालते; ताज्या पाण्याचे जड, सहज न कलंडणारे भांडे पेटीत नेहमीच हवे.

उरले भरवणे. मराठीत अन्नविषयक प्रयोजक क्रियापदे विपुल आहेत. पिणाऱ्याला आपण पाजतो, चरणाऱ्याला चारतो, मुलाला भरवतो, पाहुण्याला जेवू घालतो. परंतु 'गिळणे' या धातूची गोष्ट निराळी आहे. 'गिळवणे' हे रूप आपण बहुधा शक्यार्थानेच वापरतो : "घसा दुखतो, गिळवत नाही." येथे दुसऱ्याने गिळायला लावण्याचा अर्थ नाही, गिळणाऱ्याच्याच शक्तीचा निर्देश आहे. व्यवहारातील भाषेने येथे शरीरशास्त्राला धरून भेद केला आहे असे म्हणावेसे वाटते. घास तोंडात घालता येतो, गिळणे दुसऱ्याचे असते. आणि साप तर गिळण्यापलीकडे काही करतच नाही. तो चावून खात नाही, तुकडे करीत नाही. अजगर या नावाचीच फोड अज म्हणजे बोकड आणि गर म्हणजे गिळणारा अशी केली जाते.

बळजबरीने अन्न घालण्याची पद्धत अस्तित्वातच नाही असे नाही. विषासाठी साप ठेवणाऱ्या अनेक सर्पशाळांत पूर्वी नळीने पातळ अन्न घातले जात असे. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव सर्पविषावरील उतारा आणि त्यासाठी बाळगलेले साप यांच्याशी दीर्घकाळ जोडले गेले आहे. तेथे काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचा भारतीय सापांवरील ग्रंथ १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. परंतु तशा ठिकाणी सरावलेले हात असतात. घरी जबडा उघडताना दात मोडतात, तोंडाला जखमा होऊन त्या चिघळतात, अन्न श्वासनलिकेत जाते. सर्वांत मोठी हानी अशी की, सापाच्या लेखी अन्नाचा वास आणि भय यांची कायमची गाठ पडते. हा उपाय पशुवैद्याने, आणि त्यानेही अखेरचा म्हणून करावयाचा आहे.

मग पहिले भक्ष्य द्यावे कसे? प्रथम, ते लगेच देऊ नये. साप घरी आल्यावर किमान पाच ते सात दिवस त्याला हात लावू नये. पाणी बदलावे, एरवी पेटी एखाद्या फडक्याने झाकून वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवावी. मिक्सर, दूरदर्शन संच, आपटणारे दार यांपासून ती दूर हवी; चक्षुःश्रवा हे नाव कितीही सुंदर असले तरी साप बहिरा नाही, आणि जमिनीतून येणारी कंपने तर त्याला जबड्यातून उत्तम जाणवतात. या आठवड्यात पूर्वीच्या मालकाकडून चार गोष्टी विचारून घ्याव्यात : तो काय खात असे, केवढे, कोणत्या वेळी, आणि शेवटचे केव्हा. जो उंदरावर वाढला त्याला घुशीचे पिल्लू ओळखू येईलच असे नाही. सापाची ओळख वासाने होते. जीभ बाहेर काढून तो हवेतील कण टाळूतील इंद्रियाकडे नेतो. त्याखेरीज अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खळगी असतात, म्हणून थंड उंदीर त्याच्या दृष्टीने भक्ष्यच नव्हे.

भक्ष्य गोठवून ठेवलेले, म्हणजे मेलेले असावे. जिवंत उंदीर पेटीत सोडला आणि सापाने त्याला घेतले नाही, तर रात्रीतून उंदीरच सापाला कुरतडतो. अशा जखमांनी साप दगावल्याची उदाहरणे आहेत. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित कमी असावी. पहिल्या खेपेस कमीच बरी. तो शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावा, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा, म्हणजे त्याचे अंग जिवंत उंदराइतके, सुमारे ३७ ते ३८ अंश, उबदार होते. उकळू नये, शिजवू नये. शिजलेल्या उंदराचा वास बदलतो आणि कातडी फाटते. दिवस मावळल्यावर, खोलीतला दिवा मंद करून, लांब चिमट्याने तो लपणीच्या तोंडाशी, थोडा एका बाजूला धरावा. थेट तोंडावर आणू नये. रानातला कोणताही उंदीर सापाच्या तोंडावर चाल करून जात नाही. किंचित हलवावा आणि थांबावे. सापाची मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, जीभ सावकाश व लांब बाहेर येऊ लागली, तर ती शिकारीची तयारी आहे. डोके वेटोळ्यात शिरले किंवा साप मागे सरला, तर ते बुजणे आहे. पहिल्या प्रकारात हात स्थिर ठेवावा. झडप पडून वेटोळे आवळले गेले की चिमटा सोडून निघून जावे, कौतुकाने पाहात उभे राहू नये. दुसऱ्या प्रकारात उंदीर लपणीशी ठेवून पेटी झाकावी आणि सकाळी जे असेल ते काढून घ्यावे. पुन्हा प्रयत्न सात दिवसांनी, त्याआधी नाही. विद्यार्थ्याचे 'रोज दोनदा' हेच त्याच्या सापाच्या उपवासाचे प्रमुख कारण होते, अशी माझी धारणा आहे. त्याने हात आवरला, लपणी ठेवल्या, आणि नंतरच्या दुसऱ्या प्रयत्नात, रात्री सर्व निजल्यावर, साप जेवला.

जेवणानंतर निदान दोन दिवस त्याला उचलू नये. ओकला तर दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती द्यावी आणि पुढचे भक्ष्य लहान घ्यावे. उंदीर वा साप हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत; स्वयंपाकाचा ओटा या कामाला वापरू नये.

मराठवाड्याच्या हवेसंबंधी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशी पुस्तकांत ते मिळत नाहीत. या अजगराला पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा प्रश्न उबेचा नसून पत्र्याखालच्या खोलीत साप भाजून निघण्याचा असतो. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, विशेषतः पडेगावसारख्या मोकळ्या भागात, चांगल्याच गार असतात. थंडीत गिळलेले भक्ष्य पचत नाही, पोटातच सडते. वीज जाण्याचा संभव असेल त्या रात्री भक्ष्य देऊ नये.

न खाणे या एकाच घटनेला मराठीत तीन शब्द आहेत, आणि ते येथे उपयोगी पडतात. उपास हा आपखुशीचा. प्रौढ बॉल पायथन हिवाळ्यात किंवा विणीच्या काळात आठवडे, क्वचित महिनेही, असा उपास करतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधी-निळसर होतात, त्या दिवसांतही बहुतेक साप खात नाहीत. लंघन हा वैद्यकातला शब्द. पचनशक्ती नसताना अन्न वर्ज्य करणे म्हणजे लंघन. थंडावलेला साप खात नाही तेव्हा तो लंघनच करीत असतो, आणि उपाय अन्न नव्हे, ऊब आहे. तिसरा शब्द उपासमार. तिची ओळख दिवस मोजून होत नाही, वजनाने होते. दर आठवड्यास स्वयंपाकघरातील नव्हे, तर वेगळ्या तराजूवर, पिशवीसकट वजन करावे. वजन टिकून असेल तर सहा आठवड्यांचा उपासही घाबरण्यासारखा नाही. वजन दहाव्या भागाने घटले, पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंडात चिकट स्राव किंवा श्वासाला घरघर असली, तर वाट पाहू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा. शहरात तसा न मिळाल्यास परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय फार दूर नाही. पिल्लांच्या बाबतीत ही सहनशक्ती फारच कमी धरावी.

आपल्या रानातल्या सापांकडे पाहिले म्हणजे एका जातीचे नियम दुसरीस लावण्याचा धोका कळतो. दिवड मासे-बेडकांवर जगतो, कवड्या पाली शोधतो, मण्यार इतर साप खाते, वाळा मुंग्या-वाळव्यांची अंडी वेचतो. २००५ साली ज्याची वर्धा जिल्ह्यातील नोंद प्रसिद्ध झाली तो दुर्मिळ अंडीखाऊ साप पक्ष्यांची अंडीच गिळतो. हे एवढे एक नाव वगळले, तर मराठीतील सापांची लोकनामे खाद्यावरून पडलेली जवळजवळ नाहीत. ती कवड्यांसारख्या खुणांवरून, मांजराच्या डोळ्यांवरून, गवताच्या रंगावरून पडली. लोकांनी साप पाहिला तो पळताना किंवा मारताना, जेवताना नव्हे. म्हणूनच पावसाळ्यात घरात आलेल्या सापाला सर्पमित्राने पकडले आणि रात्रभर ठेवावे लागले, तर त्याला खाऊ घालण्याची दया करू नये. पिशवी, अंधार, शांतता आणि सकाळी वनखात्याच्या नियमाप्रमाणे सुटका, एवढेच त्याला हवे असते. मांडुळाच्या चोरट्या व्यापारात तर वजनावर किंमत ठरते, आणि त्यासाठी त्या निरुपद्रवी जिवाला कोंबून चारले जाते. तेथे 'पाळणे' हा शब्द, ज्याचा मूळ अर्थ रक्षण करणे, तोंडातून काढणेही कठीण आहे.

राहता राहिली नोंदवही. तारीख, वजन, तापमान, भक्ष्याचा आकार आणि परिणाम एवढे रकाने पुरेत. पडेगावच्या विद्यार्थ्याने शेवटच्या रकान्यात 'नाकारले' असे तीन वेळा लिहिले होते. मी त्याला तेथे 'घेतले नाही' असे लिहिण्यास सुचवले. नाकारण्यासाठी देणाऱ्याची ओळख असावी लागते. ती सापाला अद्याप नव्हती.